‘ओन्ली यू’ घ्यायचंय, पण कुठलं?

प्लॅटर्स या जुन्या अमेरिकन गायकसमूहाचं ‘ओन्ली यू’ हे गाणं ऑनलाइन शोधलं की रांगच्या रांग समोर येते, आणि प्रत्येकावर नाव प्लॅटर्सचंच. सगळ्यात स्वस्त ते घेऊन मोकळं व्हावंसं वाटतं. जरा थांबा. १९५५ साली मर्क्युरी कंपनीने काढलेल्या गाण्यात आवाज टोनी विल्यम्सचा. १९६०च्या सुमाराला तो समूहातून बाहेर पडला, त्याच्या जागी सनी टर्नर आला, आणि पुढे म्युझिकॉर कंपनीसाठी या मंडळींनी आपलीच जुनी गाणी नव्याने गायली. पाटी खरी, गळा दुसरा.

असं होतं कारण मूळ टेपची मालकी बहुधा कंपनीकडे असते. गायकाने कंपनी बदलली की टेप मागेच राहते. मग नवी कंपनी तीच गाणी पुन्हा गाऊन घेते. एव्हर्ली ब्रदर्सनी १९६४ मध्ये वॉर्नरसाठी हेच केलं, चक बेरीने १९६७ मध्ये मर्क्युरीसाठी. आपल्याकडे टी-सीरीजच्या व्हर्जन कॅसेटींवर निदान गायकच वेगळा असायचा, पहिल्या ओळीत कळायचं. इथे बरेचदा गायक तोच, म्हणून फसगत जास्त.

आधी गाण्याचं पूर्ण नाव वाचा. ‘री-रेकॉर्डेड’ हा शब्द शेवटी कंसात असतो आणि मोबाइलवर नेमका तोच कापला जातो. ‘ओरिजिनल आर्टिस्ट’ लिहिलंय म्हणून हुरळू नका. गायक मूळचा असेलही, ध्वनिमुद्रण मूळचं असेलच असं नाही. वर्तुळातल्या ‘पी’पुढचं सालही बघा (ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं साल), पण रीमास्टर केलेल्या, म्हणजे जुन्याच टेपवरून आवाज सुधारून काढलेल्या, अस्सल गाण्यालाही कधीकधी नवं साल चिकटतं. त्यापेक्षा कंपनीचं नाव बोलकं. एस, बेअर फॅमिली, ऱ्हायनो या जुनी गाणी पुन्हा बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या संग्रहांवर माझा भरवसा आहे. स्वस्त संच म्हणजे नकली, असंही नाही. १९६२ पर्यंत निघालेली ध्वनिमुद्रणं युरोपात पन्नास वर्षांनी हक्कमुक्त झाली, त्यामुळे तिकडच्या शंभर गाण्यांच्या किरकोळ किमतीच्या संचात पुष्कळदा मूळ गाणीच असतात. फक्त खरखर काढायच्या नादात गाण्याचा जीवही काढलेला असतो.

मग हेडफोन लावून नमुना ऐका. १९५५-५६चं गाणं आणि ढोल डावीकडे, व्हायोलिनं उजवीकडे? शंका घ्या, कारण तेव्हाची गाणी बहुतेक मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज. पण फाशी देऊ नका, कारण मोनो गाण्यांना नंतर खोटा स्टिरिओही चढवलेला आहे. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर जुन्या तबकडीवरची लांबी बघून सेकंद ताडून पाहा. दोन-चार सेकंदांचा फरक चालतो, वीसचा नाही.

आणि हो, नवं ते टाकाऊच असं मी म्हणणार नाही. रॉय ऑर्बिसनने १९८७ मध्ये निघालेल्या संग्रहासाठी पन्नाशीच्या सुमाराला आपली जुनी गाणी पुन्हा गायली; ती खुशाल घ्या. नील सेडाकाचं ‘ब्रेकिंग अप इज हार्ड टू डू’ १९६२ मध्ये उडतं होतं, १९७५ मध्ये त्यानेच ते संथ करून गायलं. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि रात्री मी दुसरंच लावतो. इतकंच काय, ‘ओन्ली यू’ प्लॅटर्सनी मर्क्युरीच्या आधी फेडरल कंपनीसाठी गायलं होतं. गाजलेलं तेच मुळात दुसऱ्या खेपेचं!

अख्खा संग्रह घेताना मात्र पहिल्या दोन गाण्यांवर जाऊ नका. अस्सल गाणी पुढे मांडून पुन्हा गायलेली मागे सरकवलेली असू शकतात, म्हणून एकेका गाण्याचा नमुना ऐका. तेवढा वेळ नसेल, तर हवं ते एकच गाणं सुटं घ्या.