कातालान ए1: माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलू नका प्लीज

बार्सिलोनाला मास्टर्सला जायचं ठरलं तेव्हा मी पुण्यात शहाण्यासारखा आठ महिने स्पॅनिशचा क्लास लावलेला, ए2 लेव्हल पण पास झालेली, त्यामुळे विमानातून उतरताना एकदम कॉन्फिडन्स. पहिल्याच दिवशी डिपार्टमेंटच्या दारावर 'अस्तिरेऊ' लिहिलेलं, स्पॅनिशमध्ये 'एस्तिरार' म्हणजे ताणणे, म्हटलं दार काय ताणायचंय, आणि मी आपली ढकलतेय ढकलतेय. मागून एकाने येऊन शांतपणे दार ओढलं. 'अस्तिरेऊ' म्हणजे ओढा. बाहेर जायच्या दारावर 'सालिदा'च्या जागी 'सुर्तिदऽ', बंद दुकानावर 'सेर्रादो'च्या जागी 'तंकात'. तेव्हा डोक्यात शिरलं की इथल्या पाट्या वेगळ्याच भाषेत, कातालानमध्ये, आहेत आणि ती भाषा म्हणजे स्पॅनिशची बोली वगैरे अजिबात नाही. हे कोणासमोर चुकून सुद्धा बोलू नका, 'मराठी म्हणजे हिंदीचाच प्रकार ना' म्हटल्यावर आपल्याला जसं होतं तसंच त्यांना होतं.

तर ज्यांना तिकडे ॲडमिशन मिळालीये आणि युनिव्हर्सिटीत बिगिनर कातालान घ्यावं की नको असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, घ्या. गरज म्हणून नाही, स्पॅनिश आणि इंग्लिशवर दोन वर्षं आरामात निघतात, माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी तशीच काढली.

थोडं बॅकग्राउंड, फार बोअर करत नाही. कातालान कातालोनियात बोलतात, बालेआरिक बेटांवर बोलतात, वालेन्सियात बोलतात पण तिकडे तिला वालेन्सियन म्हणतात (यावरून भांडणं होतात, त्यात पडू नका), फ्रान्समध्ये पेर्पिन्याच्या आसपास थोडी, सार्डिनियातल्या आल्गेरो गावात थोडी, आणि आंदोरा या चिमुकल्या देशाची तर ती एकमेव अधिकृत भाषा आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात, म्हणजे 1939 ते 1975, शाळा आणि सरकारी कामकाजातून तिला हाकललेलं होतं. नंतर 1983 च्या कायद्याने शाळेत नीट परत आली. आज जे प्रमाण लेखन शिकवतात ते पोंपेउ फाब्रा या माणसाने बसवलेलं, शुद्धलेखनाचे नियम 1913, व्याकरण 1918, शब्दकोश 1932. आणि हा मूळचा इंजिनिअर! इंजिनिअर होऊन भाषेत घुसणारे आपल्याकडेच असतात असं मला वाटायचं.

आता कोर्स. युनिव्हर्सिटीच्या भाषा विभागाचा ए1, म्हणजे अगदी पहिली लेव्हल, साधारण दोन टायमिंगला असतो, एक सप्टेंबरात सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी इंटेन्सिव्ह, रोज तीन-चार तास, आणि दुसरा सेमिस्टरभर आठवड्यातून दोनदा. मी दुसरा घेतला कारण माझा व्हिसा उशिरा आला, पण जमत असेल तर इंटेन्सिव्हच घ्या, कारण ऑक्टोबरनंतर तुमच्या मेन कोर्सच्या असाइनमेंट्स सुरू होतात आणि मग मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता क्रियापदं पाठ करायला जीवावर येतं. क्रेडिट्स मिळतात का हे आधी ईमेल करून विचारा, सगळ्या प्रोग्रॅममध्ये धरत नाहीत, माझ्यात धरले नाहीत आणि मला ते शेवटी कळलं. आणखी एक विचारायचं म्हणजे रोमान्स भाषावाल्यांची, म्हणजे इटालियन, पोर्तुगीज वगैरे बोलणाऱ्यांची, बॅच वेगळी आहे का. माझ्या बॅचमध्ये तीन इटालियन आणि एक ब्राझीलची मुलगी होती, त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं, आणि मी, एक जर्मन मुलगा आणि दोन चिनी मुली मागे बसून एकमेकांकडे बघत होतो. शिकवणं पहिल्या मिनिटापासून पूर्ण कातालानमध्येच. घाबरू नका, बाई हातवारे भरपूर करतात.

पण एक गंमत सांगते, उच्चारात आपण मराठीवाले पुढे असतो. बार्सिलोनाच्या कातालानमध्ये ज्या ए (a) आणि ई (e) वर जोर नाही ते सरळ आपल्या 'अ' सारखे होतात. स्पॅनिशवाल्यांकडे हा आवाजच नाही, त्यांची जीभ वळत नाही, आपल्याकडे तो बाराखडीचं पहिलं अक्षर. त्यामुळे ते बार्सेलोना नाही, बर्सलोनऽ. तसाच जोर नसलेला ओ हा 'उ' होतो, म्हणून टोमॅटो लिहिताना 'तोमाकेत' आणि बोलताना 'तुमाकत'. मी वहीत सगळे उच्चार देवनागरीत लिहायचे, फक्त शब्दाच्या शेवटचा अ आपण वाचताना खाऊन टाकतो ना, म्हणून तिथे अवग्रह द्यायचे, 'काझऽ' म्हणजे घर, 'मारऽ' म्हणजे आई. बाईंनी एकदा वही बघितली आणि वर्गाला दाखवली, जाम भाव खाल्ला मी त्या दिवशी.

घड्याळ हा अजून एक आपला प्लस पॉइंट. कातालानमध्ये पारंपरिक पद्धतीने वेळ सांगताना येणाऱ्या तासाचे पाव मोजतात. सव्वादोन म्हणजे 'तीनचा एक पाव', अडीच म्हणजे 'तीनचे दोन पाव', पावणेतीन म्हणजे 'त्रेस क्वार्त्स द त्रेस', तीनचे तीन पाव. इटालियन लोकांचा इथे पहिल्यांदा फ्यूज उडाला. आणि मला वाटलं अरे पावणेतीन म्हणजे तिसऱ्या तासाचा पाऊण भाग झाला, बरोबरच आहे की, यात अवघड काय. सव्वा आणि अडीचला मात्र मी पण गडबडायचे, कारण आपण दोनवर सव्वा लावतो आणि ते तिकडे तीनचं नाव घेतात, एकदा सव्वासहाच्या भेटीला मी सव्वासातला पोचलेय.

वारांचं पण असंच. आपण वार मागे लावतो, ते पुढे लावतात. 'दि' म्हणजे दिवस, मग दिल्युन्स चंद्राचा म्हणजे सोमवार, दिमार्स मंगळाचा, दिमेक्रस बुधाचा, दिझॉउस गुरूचा, दिबेन्द्रस शुक्राचा. ग्रह तेच, क्रम तोच! शनिवार-रविवार मात्र वेगळे, ते सब्बाथ आणि देवाचा वार असे येतात. आणि पाव म्हणजे 'पा', बटाटा म्हणजे 'पतातऽ', पैसे देणे म्हणजे 'पगा', लिहिताना 'पगार', शेवटचा र खातात. आपल्याकडे हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, त्यामुळे लांबचे चुलते भेटल्यासारखं होतं.

आता रडारड. स्पॅनिश येत असेल तर भूतकाळ तुम्हाला मारणार. स्पॅनिशमध्ये 'बॉय आ कोमेर' म्हणजे मी जेवणार आहे, भविष्य. कातालानमध्ये जवळपास त्याच रचनेचं 'बाच मन्झा', शब्दशः 'जातो खाणे', म्हणजे मी जेवलो, भूतकाळ! 'अई बाच मन्झा अर्रॉस', काल मी भात खाल्ला. महिनाभर मी लोकांना काल काय केलं ते सांगत होते आणि मनात भविष्यकाळ चालू होता. मग दुबळी सर्वनामं, त्यांना तसंच म्हणतात, आणि त्यात 'अन' आणि 'इ' असे दोन चिमुकले प्राणी आहेत जे वाक्यात कुठेही घुसतात. कॉफी हवी का? तर नुसतं 'हो, हवी' चालत नाही, 'हो, त्यातली हवी' असं म्हणावं लागतं. ए1 ला याची फक्त तोंडओळख असते, पण बोलताना लोक प्रत्येक वाक्यात वापरतात. जुनी पुस्तकं स्वस्तात घेणार असाल तर लक्षात ठेवा, 2016 मध्ये तिथल्या भाषा संस्थेने अर्थभेद दाखवणारे बरेचसे ॲक्सेंट काढून टाकले, फक्त 15 शब्दांवर ठेवले, त्यामुळे 'मी आहे' यासाठीचा शब्द जुन्या पुस्तकात टोपीसकट आणि नवीन पुस्तकात बिनटोपीचा. माझा अर्धा मार्क त्यात गेला.

पण खरा प्रॉब्लेम व्याकरण नाहीच. प्रॉब्लेम हा की कोणी तुमच्याशी कातालान बोलतच नाही. तुम्ही बेकरीत जाता, घोकून ठेवलेलं 'बॉन दिआ' आणि पुढचं वाक्य म्हणता, समोरची बाई तुमचा चेहरा बघते, ॲक्सेंट ऐकते आणि गोड हसून स्पॅनिशमध्ये उत्तर देते. मदत म्हणून! माझी तर चिडचिड व्हायची. आणि मग एका रात्री आठवलं की कर्वेनगरच्या फ्लॅटवर माझी रूममेट भुवनेश्वरची होती, तिला मराठी शिकायचं होतं, ती 'मला पाणी पाहिजे' वगैरे म्हणायची आणि आम्ही तिघी जणी तिला लगेच हिंदीत, हां हां ले ना. तीन वर्षांत तिला पन्नास शब्दांच्या वर मराठी आलं नाही आणि आम्ही वर चिडवायचो की इतकी वर्षं राहून शिकली नाहीस. मग त्या बेकरीवालीवर रागवायचं तरी कुठल्या तोंडाने.

उपाय तीन. एक, हे वाक्य पाठ करा, 'अम पॉत्स पर्ला अन कतला, सिस्प्लाउ?' माझ्याशी कातालानमध्ये बोलता का प्लीज. दहातले सात जण खूश होऊन बोलतात. उरलेले तीन घाईत असतात, किंवा स्वतःच दुसरीकडून आलेले असतात, शहरात असे खूप आहेत. रावाल नावाच्या वस्तीतल्या किराणा दुकानांत तर मी सरळ हिंदीत बोलायचे, काका पाकिस्तानचे, त्यांच्याशी कसलं कातालान.

दोन, भाषेची जोडी. सरकारी योजना आहे, 'भाषेसाठी स्वयंसेवा' अशा अर्थाचं नाव, 2003 पासून चालू आहे, तुम्हाला एक बोलणारा माणूस जोडून देतात आणि आठवड्याला एक तास असे दहा तास नुसत्या गप्पा मारायच्या, फुकट. काही युनिव्हर्सिटींची स्वतःची पण अशी सोय असते. मला पंचाहत्तरीच्या आजी मिळाल्या. बोलायच्या धबधब्यासारख्या, पण कातालानमध्ये चिठ्ठी लिहायची वेळ आली की लाजायच्या, कारण पन्नासच्या दशकात त्यांची पूर्ण शाळा स्पॅनिशमध्ये झाली, स्वतःची भाषा लिहायला कोणी शिकवलंच नाही. माझा ए1 चा गृहपाठ बघून त्या म्हणाल्या, तुझं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे. काय बोलावं कळेना मला. ख्रिसमसला त्यांनी घरी बोलावलं, नातवंडं लाकडाच्या ओंडक्याला काठीने बडवत होती आणि तो ओंडका, आता कसं सांगू, भेटवस्तू हगतो. गाणंही तसंच आहे. येशूच्या जन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात पण कोपऱ्यात एक शेतकरी बसलेला असतो चड्डी खाली करून. संस्कृतीच्या लेक्चरला हे स्लाइडवर बघून मला वाटलेलं बाई मस्करी करतायत.

तीन, मनोरे. कस्तेल्स म्हणजे माणसांचे मनोरे, 2010 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि युनिव्हर्सिटींची स्वतःची पथकं असतात. एका पथकाचं नाव गनापिअस, मी आधी गणपती असंच वाचलं, अर्थ मात्र घोडं वाढलं तरी पोरकट राहिलेला असा काहीसा. नवीन माणसाला खालच्या गर्दीत उभं करतात, तिला पिन्या म्हणतात, मान खाली, हात पुढच्याच्या पाठीवर, वर काय चाललंय काही दिसत नाही, सनईसारख्या ग्रालाच्या सुरावरून अंदाज घ्यायचा की मनोरा कुठवर आला. आपल्या दहीहंडीत हंडी फुटली की जिंकलो, इथे वरच्याने हात उंचावल्यावर मनोरा एकेक थर करून नीट खाली उतरवायचा, तेव्हाच पूर्ण धरतात. भाषेसाठी याच्याइतकी भारी जागा नाही, कारण मानेवर माणूस उभा असताना कोणी तुमच्यासाठी स्पॅनिशवर येत नाही. वर, खाली, डावीकडे, हलू नकोस, हे शब्द मला वर्गात नाही, तिथे आले.

घरी बसून करायचं तर लहान मुलांची कार्टून्स बघा, तिकडचा सरकारी चॅनल डोरेमॉन कातालानमध्ये दाखवायचा, आपल्याला गोष्ट आधीच माहीत असते त्यामुळे अर्धं काम झालेलं. एक्स्चेंजवाल्यांसाठी इंटरकात नावाची साइट आहे, ती पण बघून ठेवा.

राजकारणाचं एवढंच, 2017 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताबद्दल वर्गात स्वतःहून मत देऊ नका. कातालान बोलणारा प्रत्येक जण स्वतंत्र देश मागणारा नसतो, आणि उलटही. ऐकून घ्या, विचारलं तरच बोला. 23 एप्रिलला सान जॉर्दी असतो, सगळं शहर पुस्तकं आणि गुलाब घेऊन रस्त्यावर, त्या दिवशी पुस्तकांच्या स्टॉलवर जाऊन प्रॅक्टिस करा, कोणालाच घाई नसते.

तोंडी परीक्षा जोडीने असते. मला जर्मन मुलगा मिळाला, विषय होता वीकेंडला काय केलं. मी म्हटलं 'दिसाप्त बाच मन्झा' आणि पुढे पदार्थाचं नावच आठवेना, शेवटी म्हटलं वडापाव. परीक्षक बाईंनी विचारलं ते काय असतं, आणि मग माझी सगळी वेळ बटाटा, पाव आणि तिखट चटणी यात गेली, जे तिन्ही शब्द मला येत होते. ए2 चं रजिस्ट्रेशन जानेवारीत उघडतं, जागा दोन-तीन दिवसांत संपतात, आमच्या वेळी सकाळी दहाला उघडलं आणि माझं पेज अकरापर्यंत लोडच होत होतं, तेव्हा लॅपटॉपवर बसा, मोबाइलवर नको.