‘नंबर वाढला असेल’ म्हणून थांबू नका: डोळ्यांबाबतच्या या चुका टाळा

धूसर दिसू लागलं की आपल्याकडे निदान ठरलेलंच असतं: नंबर वाढला. मग दुकानात मशीनवर नंबर काढायचा, नवी काच बसवायची आणि मोकळं व्हायचं. पण चष्मा एकच काम करतो. आत शिरणारा प्रकाश तो नेमका दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, आणून पोचवतो. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं असेल, दृष्टिपटल किंवा डोळ्यामागची नस खराब होत असेल, तर महागातल्या काचेनेही भागत नाही. उलट उपचाराचे दिवस हातचे जातात.

दोन्ही डोळ्यांनी एकदमच पाहणं

एक डोळा अधू झाला तर दुसरा त्याचं काम बेमालूम सांभाळून घेतो, त्यामुळे कित्येक महिने पत्ताच लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून चार-पाच पावलं मागे उभे राहा. एक डोळा न दाबता तळहाताने झाका आणि तारखा वाचा, मग दुसरा झाका. एखाद्या डोळ्याला तारखा पुसट दिसल्या, तर पुठ्ठ्याला टाचणीने बारीक भोक पाडून तो पुठ्ठा त्या डोळ्यापुढे धरा. भोकातून अंक ठळक झाले तर गडबड बहुधा नंबरची आहे.

असं का होतं? प्रकाश वाकवण्याचं सुमारे दोन-तृतीयांश काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, करतो आणि उरलेलं आतलं भिंग करतं. डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. ती एकाच मिलिमीटरने वाढली तरी उणे ३ च्या आसपास नंबर लागतो. भोकातून मधला अरुंद झोतच आत जात असल्याने नंबरच्या या दोषाचा परिणाम कमी होतो. भोकातूनही अंक पुसटच राहिले, तर चष्म्याची ऑर्डर देण्याआधी नेत्रतज्ज्ञांना गाठा.

चष्मा सुटला म्हणून खूश होणं

चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता कमी होते आणि वाचायला चष्मा लागतो. पुढे साठी-सत्तरीत आजोबा एक दिवस चष्म्याशिवाय पेपर वाचू लागतात आणि घरात कौतुक सुरू होतं, ‘या वयात नजर सुधारली!’ प्रत्यक्षात भिंगाचा गाभा कडक आणि दाट होत असतो, त्यामुळे डोळा जवळच्या नजरेकडे झुकतो. ही मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. लांबची बसची पाटी आता अधिक पुसट दिसते का, हे आजोबांना जरूर विचारा.

मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचा सल्लाही जुना झाला. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. फार पिकलेलं भिंग कडक झाल्याने काढायला अवघड जातं.

दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं मानणं

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. मधुमेहात तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, तरी सुरुवातीला नजर शाबूत असते. म्हणून मधुमेह असेल तर वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्याच. साखर वर-खाली होत असताना नंबरही काढू नका. भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि तो नंबर काही आठवड्यांत चुकीचा ठरतो.

अचानक काळे ठिपके वाढले, डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखा वाटला, तर दृष्टिपटल सुटत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

काचबिंदूही बहुतेकदा न दुखता येतो आणि आधी कडेची नजर खातो. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकवता येते. ‘काही फरक पडत नाही’ म्हणून ते थेंब बंद करू नका. आणि डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणू नका. दीर्घकाळ वापरले तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढून नसेला इजा होते.

दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. नंतर काही तास जवळचं पुसट दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी दुचाकी घरी ठेवा आणि सोबत कुणाला तरी न्या.