बेळगावहून विजापूर : खासगी गाडीने एका दिवसाची सहल कशी आखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मराठी घरांत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना गोव्याला नेले जाते, फार तर गोकाकचा धबधबा दाखवला जातो, आणि विजापूर मात्र ‘पुढच्या वेळी’वर राहते. त्यामागे अंतराची धास्ती असते. बेळगावहून गोकाक आणि जमखंडीमार्गे विजापूर सुमारे २०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ४०० किलोमीटर आणि शहरातील फिरणे वेगळे. एवढी सहल एका दिवसात होते, पण त्यासाठी गाडी आपल्या ताब्यातील असावी, निघणे पहाटेचे असावे आणि विजापुरातील सगळी स्मारके पाहण्याचा हट्ट सोडावा. शहरात घुमट, मशिदी, महाल आणि विहिरी इतक्या आहेत की यादी हातात घेऊन निघालेला माणूस दुपारी दोनपर्यंत थकतो आणि संध्याकाळी त्याला दोन घुमटांतील फरकही सांगता येत नाही. पाच-सहा ठिकाणे निवडावीत आणि तेथे वेळ द्यावा.

गाडी ठरवताना

भाड्याची गाडी घेणार असाल, तर प्रति किलोमीटर दर विचारून थांबू नये. बहुतेक गाडीमालक दिवसाला ठरावीक किमान किलोमीटरची आकारणी करतात, परंतु या सहलीत तो आकडा सहज ओलांडला जात असल्यामुळे त्या अटीवर घासाघीस करण्यात अर्थ नसतो. खरा प्रश्न मोजणी कोठून सुरू होते हा आहे. गाडी मालकाच्या दारातून निघते तेव्हापासून मोजायचे की तुमच्या दारातून, चालकाचा भत्ता किती, पहाटे लवकर निघाल्यास आणि रात्री उशिरा परतल्यास रात्रीचा भत्ता वेगळा का, टोल आणि पार्किंग कोणाकडे, हे आदल्या दिवशी बोलून घ्यावे आणि मोबाइलवर लिहून मागावे. तोंडी ठरलेला व्यवहार रात्री अकरा वाजता, सगळे दमलेले असताना, पुन्हा उकरून काढावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

सीमाभागातील लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेळगावहून गोकाक-जमखंडी किंवा चिकोडीकडून अथणी, असे दोन्ही रस्ते विजापूरपर्यंत कर्नाटकातूनच जातात. मात्र कोल्हापूर-सांगलीचे पाहुणे महाराष्ट्रातील नोंदणीची भाड्याची गाडी घेऊन येणार असतील, किंवा तुम्ही कर्नाटकातील टॅक्सी मिरज-जतमार्गे नेणार असाल, तर त्या गाडीकडे दुसऱ्या राज्यात प्रवासी नेण्याचा परवाना आणि भरलेला कर आहे का, हे आधी विचारावे. स्वतःच्या गाडीला ही अडचण नाही.

चालक एकच असेल, तर तो पहाटेपासून रात्रीपर्यंत जागा राहणार आहे. त्यामुळे दुपारी जेवणानंतर त्याला दीड-दोन तास झोपू द्यावे आणि तेवढ्या वेळात आर्ककिल्ल्याच्या, म्हणजे शहराच्या मधोमध असलेल्या आतल्या किल्ल्याच्या, परिसरातील ठिकाणे पायी किंवा रिक्षाने पाहावीत. ही सोय पुष्कळांना अनावश्यक वाटते. परतीच्या अंधारात तिची किंमत कळते.

निघण्याची वेळ आणि वाट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. एप्रिल-मेमध्ये विजापूरचे ऊन चाळिशी ओलांडते आणि दगडी फरशीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. संक्रांतीच्या सुमारास शहरात सिद्धेश्वराची यात्रा असते. यात्राच पाहायची नसेल, तर ते दिवस टाळावेत. शुक्रवारही टाळलेला बरा, कारण गोलघुमटासमोरील वस्तुसंग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी होते.

बेळगाव पहाटे चार-साडेचारला सोडावे. याच हंगामात साखर कारखान्यांचे गाळप चालू असते आणि गोकाकपासून पुढे उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात, पुष्कळदा मागे दिवा नसताना. पहाटेच्या अंधारात आणि परतताना चालकाला वेग कमी ठेवायला निःसंकोच सांगावे. पटवर्धनांच्या जुन्या संस्थानचे गाव जमखंडी मागे टाकून कृष्णा ओलांडली की काळ्या रानाचा सपाट मुलूख लागतो आणि ज्वारीची शेते दिसू लागतात. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुर झाले आहे, त्याच दिवशी बेळगावचेही नाव बदलले. तेव्हा रस्त्यावरील पाट्यांवर आणि नकाशात विजापूर शोधत बसू नये.

आधी गोलघुमट, तोही शाळांच्या सहली येण्यापूर्वी

नऊच्या आत गोलघुमटापाशी पोहोचावे, आणि दुसरे काहीही पाहण्याआधी तेथे जावे. त्याचे कारण ध्वनी आहे. ही इमारत डोळ्यांनी जेवढी पाहायची, तेवढीच कानांनी ऐकायची आहे. मराठीत तिला बोलघुमट म्हणतात ते उगीच नव्हे. एकदा आम्ही साडेअकराला पोहोचलो, तेव्हा वर तीन शाळांची मुले शिट्ट्या मारत होती आणि घुमटातून परत येत होता तो केवळ कलकलाट. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, परंतु वयाचा पुरावा जवळ असू द्यावा.

मोहम्मद आदिलशाहाने १६२७ ते १६५६ या काळात राज्य केले आणि हा त्याचा मकबरा. शहाजीराजांना १६४८ मध्ये कैद झाली ती याच बादशाहाच्या हुकमाने. आत शिरल्यावर चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी दर्शनी आहेत. खऱ्या कबरी त्याखालच्या तळघरात आहेत. कबरी पाहून लगेच जिन्याकडे धावू नये. दालनाच्या मध्याशी उभे राहून वर पाहावे आणि घुमट कशावर उभा आहे, हे शोधावे. दालन चौकोनी, सुमारे ४१ मीटर बाजूचे. घुमट गोल, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. आणि मध्ये एकही खांब नाही. एकमेकांत तिरके बसवलेले दोन चौकोन कल्पावेत. त्यांच्या बाजूंवर उभारलेल्या आठ कमानी परस्परांना छेदतात, वर जाताना आत झुकतात आणि चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचे वर्तुळ करून घुमटाला बैठक देतात. घुमटाचा भार भिंतींना बाहेर ढकलू पाहतो, तर आत झुकलेल्या या कमानींचे वजन त्या रेट्याला विरोध करते. हे खालून समजून घेतले, तर वर गेल्यावर आपण कोणत्या कठड्यावर उभे आहोत, ते कळते.

चारही कोपऱ्यांत सात मजली मनोरे आहेत आणि त्यांतून अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना वर जातो. गुडघेदुखी असलेल्यांनी खाली थांबावे. त्यांच्यासाठी समोरच्या नगारखान्यातील वस्तुसंग्रहालय आहे. वर गेल्यावर दोघांनी घुमटाच्या आतल्या कडेने फिरणाऱ्या सज्जाच्या समोरासमोरच्या टोकांना, भिंतीकडे तोंड करून बसावे आणि हळू आवाजात बोलावे. ओरडू नये. कुजबुज वक्र भिंतीच्या कडेकडेने सरकत पलीकडे पोहोचते, आणि एकच टाळी अनेकदा परत येते. प्रतिध्वनी सात की दहा, यावर वाटाडे वाद घालतात. तुम्ही मोजून पाहावे. बाहेरच्या गच्चीवरून सारे शहर दिसते, तेव्हा पश्चिमेकडे इब्राहीम रोजाचे, म्हणजे दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या मकबऱ्याचे, मनोरे शोधून ठेवावेत, कारण दिवसाचा शेवट तेथे करायचा आहे.

वाटाड्या घ्यायचा असल्यास पर्यटन खात्याचे ओळखपत्र असलेला घ्यावा, आणि मेहनताना व ठिकाणे प्रवेशद्वारापाशीच ठरवावीत. बहुतेक जण कानडी आणि दख्खनी हिंदी बोलतात. मराठी बोलणारा हवा असेल, तर तसे स्पष्ट विचारावे. त्यांच्याकडील गोष्टी रंजक असतात, परंतु प्रत्येक गोष्ट इतिहास म्हणून घरी नेऊ नये.

शहरातून पूर्व-पश्चिम

गोलघुमट शहराच्या पूर्वेला आणि इब्राहीम रोजा पश्चिमेला तटाबाहेर आहे. परतीचा रस्ताही त्याच अंगाला असल्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जावे, उलटसुलट फेऱ्या मारू नयेत.

दुसरा मुक्काम जामा मशीद. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळात सुरू झालेली ही मशीद मला विजापुरातील सर्वांत शांत इमारत वाटते. फरशीवर एकेका नमाज्यासाठी आखलेले चौकोन दोन हजारांहून अधिक आहेत आणि ते औरंगजेबाच्या काळातील मानले जातात. येथे पादत्राणे बाहेर काढावीत, डोके झाकायला ओढणी किंवा रुमाल ठेवावा आणि दुपारच्या तापलेल्या फरशीसाठी पायमोजे बरोबर आणावेत.

साडेबाराच्या सुमारास जेवून घ्यावे. विजापुरात येऊन पंजाबी भाजी मागवण्यापेक्षा लिंगायत खानावळ शोधावी : जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कच्ची कांद्याची पात आणि घट्ट दही. बेळगावकरांना या जेवणाचे नवल नाही, पुण्याच्या पाहुण्यांना मात्र असते.

दुपारी आर्ककिल्ल्याचा परिसर. गगन महालाची मधली प्रचंड कमान बघताना १६८६ आठवावे : औरंगजेबाने विजापूर घेतले आणि शेवटचा बादशहा, अवघ्या अठरा वर्षांचा सिकंदर आदिलशाह, त्याच्यासमोर शरण आला. जवळच बारा कमान आहे. दुसऱ्या अली आदिलशाहाचा हा मकबरा अर्धवटच राहिला, आणि उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. अफजलखानाला १६५९ मध्ये शिवरायांवर पाठवले गेले ते याच अलीच्या कारकिर्दीत, जेव्हा कारभाराची सूत्रे राजमाता बडी बेगमेकडे होती. आपल्याला शाळेपासून पाठ असलेल्या सनावळ्या या शहरातील एकेका इमारतीला अशा चिकटवता येतात. मुले बरोबर असतील, तर हा खेळ गाडीतच सुरू करावा. पैगंबरांचे अवशेष जपलेला असर महाल बाहेरून पाहिला तरी चालतो, आणि स्त्रियांना आतल्या दालनात प्रवेश नाही.

त्यानंतर गाडीने पश्चिम तटावरील बुरुजाकडे जावे. फर्डा वक्ता म्हणजे ‘मुलूखमैदान तोफ’ असे आपण म्हणतो, ती मूळ तोफ येथे आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली आणि पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये विजापुरास आणली गेली. लांबी साडेचार मीटरच्या आत, वजन मात्र सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दातांत सापडलेला हत्ती आहे. तो हत्ती नीट दिसावा म्हणून बाजूला वाकून पाहावे लागते. जवळचा उपली बुरूज हैदरखानाने १५८४ मध्ये बांधला. बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या चढायची ताकद उरली असेल तर चढावे, नसेल तर सोडावे.

शेवट इब्राहीम रोजात

चारच्या सुमारास इब्राहीम रोजाला पोहोचावे, म्हणजे उतरते ऊन कोरीव भिंतींवर तिरके पडते आणि दगडातील अक्षरे उठून दिसतात. एकाच चौथऱ्यावर मकबरा आणि मशीद समोरासमोर असून मध्ये हौद आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाने (कारकीर्द १५८० ते १६२७) आपली बेगम ताज सुलताना हिच्यासाठी हे बांधायला घेतले आणि पुढे तोही येथेच विसावला. खिडक्यांच्या जाळ्या पाहाव्यात : तेथे नक्षी आहे असे वाटते, पण जवळ गेल्यावर ती अक्षरे निघतात, आणि उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. ताजमहालाची प्रेरणा हीच, असे वाटाडे ठासून सांगतात. ते खरे मानण्याची गरज नाही, इमारतीला त्या शिफारशीची आवश्यकता नाही. गोलघुमट अंगाने मोठा, पण हाताचे काम पाहायचे तर ते येथे.

हा इब्राहीम संगीताचा मोठा रसिक होता. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा दख्खनीतील गीतसंग्रह, आणि त्यात सरस्वतीचे स्तवन आहे. शहराच्या पश्चिमेला त्याने नवरसपूर नावाची नवी वसाहत उभारली. भातवडीच्या १६२४ च्या लढाईनंतर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ती उद्ध्वस्त केली. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने, म्हणजे विजापूरकरांच्या विरुद्ध लढले होते.

पाचला निघावे. उजेड शिल्लक असेल आणि बरोबरची मंडळी कुरकुरत नसतील, तर शहराच्या पश्चिमेला शेतांत असलेली साठ कबर पाहता येते. एकाच घडणीच्या काळ्या दगडाच्या कबरी तेथे ओळींनी आहेत. प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी अफजलखानाने आपल्या बायकांना मारून येथे पुरले, ही दंतकथा त्यांच्याशी जोडलेली आहे. वाट कच्ची आहे आणि पाटी सहज दिसत नाही, म्हणून अंधार पडू लागला असेल तर हा बेत रद्द करावा. तेथून जमखंडीचा रस्ता धरावा, चालकाला वाटेत चहा पाजावा, आणि पाहुण्यांना करदंट ही तिथली मिठाई न्यायची असेल तर गोकाकला आठ-सव्वाआठच्या सुमारास पोहोचता येईल असे पाहावे.