व्हेलॉसिटी वाढली, पण धंद्याला काय मिळालं? मोठ्या अजाइल प्रकल्पांत या चुका टाळा

अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत बांधत जायची पद्धत. आठ टीम, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे टप्पे), बोर्डावर सगळं हिरवं. तरी सहा महिन्यांनी बिझनेसवाले विचारतात, "आमच्या हातात काय पडलं?" अशा वेळी गडबड बहुधा काय बांधायचं हे ठरवतानाच झालेली असते.

पहिली चूक व्हेलॉसिटी, म्हणजे दर स्प्रिंटला किती पॉइंट संपले, तेच मोजत बसण्याची. स्टोरी म्हणजे कामाचा छोटा तुकडा, आणि स्टोरी पॉइंट म्हणजे तो किती मोठा आहे याचा टीमने स्वतःच्या नियोजनापुरता बांधलेला अंदाज. त्यावरून टीमची तुलना किंवा बिलिंग सुरू झालं, की कालची 3 पॉइंटची स्टोरी आज 5 ची होते. काम तेवढंच राहतं. 2001 च्या अजाइल जाहीरनाम्यानेही प्रगतीचं मुख्य माप चालतं सॉफ्टवेअर हेच धरलंय. म्हणून प्रत्येक एपिकवर (अनेक स्टोऱ्या मिळून होणाऱ्या मोठ्या कामावर) एक ओळ लिहा: कोणता आकडा, आज किती, किती व्हायला हवा, कधीपर्यंत, आणि बघणार कोण. उदाहरणार्थ: "कर्जाचा अर्ज अर्धवट सोडणारे 100 पैकी 40; रिलीजनंतर 8 आठवड्यांत 25 वर यावेत; बघणार कर्ज विभागप्रमुख." ही ओळ लिहिता येत नसेल, तर ते एपिक घेऊच नका.

दुसरी चूक: सगळंच 'पी-वन', म्हणजे पहिल्या प्राधान्याचं. सेफ (SAFe) या अनेक टीमनी मिळून अजाइल काम करायच्या पद्धतीतलं डब्ल्यूएसजेएफ (WSJF), म्हणजे कोणतं काम आधी घ्यायचं हे ठरवायचं सूत्र, इथे कामाला येतं. धंद्याचं मूल्य, घाई आणि टळणारी जोखीम यांची बेरीज करायची आणि तिला कामाच्या आकाराने भागायचं. अर्ज सुटसुटीत करणं: 5+5+2=12, आकार 3, भागाकार 4. साहेबांचा डॅशबोर्ड: 13+1+1=15, आकार 13, भागाकार जेमतेम 1.15. म्हणजे अर्ज आधी. गुण देताना एकेक रकाना पूर्ण भरा आणि त्यातल्या सर्वांत लहान गोष्टीला 1 द्या. एकेका कामाचे सगळे गुण एकदम भरत गेलात, तर प्रत्येकजण आपल्या कामाला सगळीकडे 13 लावून मोकळा होतो.

डेटाबेसची टीम वेगळी, एपीआयची (डेटाबेस आणि स्क्रीन जोडणाऱ्या दुव्याची) वेगळी, स्क्रीनची वेगळी, असं असेल तर शेवटच्या जोडणीपर्यंत ग्राहकाला काहीच दिसत नाही. काम उभं कापा: आधी फक्त पगारदार, जुने खातेदार, एकच शहर, पण अर्जापासून मंजुरीपर्यंत सगळं चालणारं.

पुण्यातल्या टीम आणि परदेशातला क्लायंट, अशा प्रकल्पांत 'प्रॉक्सी' प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बांधायचं हे क्लायंटच्या वतीने टीमला सांगणारा माणूस, नेमला जातो. त्याला नाही म्हणायचा अधिकार नसेल, तर तो निरोप्याच ठरतो. किती खर्चापर्यंत आणि कोणत्या बदलांवर तो स्वतः निर्णय घेईल, हे सुरुवातीलाच लेखी ठरवा.

सेफमध्ये बिझनेस ओनर (धंद्याच्या बाजूचे जबाबदार लोक) पीआयच्या, म्हणजे अनेक स्प्रिंट मिळून होणाऱ्या मोठ्या टप्प्याच्या, उद्दिष्टांना 1 ते 10 गुण देतात आणि शेवटी प्रत्यक्ष मिळालेल्या मूल्याचे गुण देतात. हे गुण आधी ठरलेल्या गुणांच्या 80 ते 100 टक्के आले की सगळे खूश होतात. पण हा आकडा दिलेला शब्द पाळल्याचं सांगतो. ग्राहकाने ते वापरलं का, हे त्यातून कळत नाही. म्हणून रिलीजनंतर चौथ्या आठवड्यात एपिकवरची ती ओळ पुन्हा उघडा. 40 चा आकडा 39 वरच अडकला असेल, तर उरलेल्या स्टोऱ्या थांबवा, अर्जाच्या कोणत्या पानावरून लोक परत फिरतात ते शोधा आणि पुढचा स्प्रिंट त्या पानासाठी द्या.