आठ लांडगे एकदम टेबलावर आले की काय करायचं

नौपाड्यातल्या आमच्या घरी रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून आपापलं पात्र रंगवायच्या खेळाचा, डाव रंगतो, त्याला आता नऊ वर्षं होतील. नव्याने डाव चालवायला लागलेली मुलं फोन करतात तेव्हा दहातल्या सात जणांचं दुखणं एकच असतं: "ताई, आमच्या ड्रुइडने कॉन्ज्युअर ॲनिमल्स घेतलंय. आता?" ड्रुइड म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र, आणि कॉन्ज्युअर ॲनिमल्स हा त्याचा मदतीला प्राणी बोलावण्याचा मंत्र. यावर दोन सल्ले सर्रास दिले जातात. एक, मंत्रावर बंदी घाला. दोन, समोरचे राक्षस दुप्पट करा. दोन्ही चुकीचे आहेत. बंदी घातलीत तर ज्या खेळाडूने पाच पातळ्या या मंत्राची वाट पाहिली त्याचा हिरमोड होतो. राक्षस दुप्पट केलेत तर आधीच लांबलेली लढाई आणखी लांबते.

खाली जे सांगतेय ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांना धरून आहे. २०२४ मध्ये नियम बदलले, त्याचंही पुढे सांगते. फासे, आलेख कागद आणि माणसं तुमच्याकडे आहेत असं धरून चालते.

आधी मजकूर वाचा, दोघांनी मिळून

आठवणीवर जाऊ नका. मंत्र घेणारा खेळाडू आणि डन्जन मास्टर, म्हणजे डाव चालवणारा, यांनी शेजारी बसून मजकूर वाचायचा आणि पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची: किती येतात, निवड कोणाची, कुठे उगवतात, हुकूम कसा द्यायचा, जातात कधी.

कॉन्ज्युअर ॲनिमल्सपुरती उत्तरं अशी. तिसऱ्या पातळीचा स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची मोजकी संधी, लागतो. चॅलेंज रेटिंग (प्राण्याच्या ताकदीचा आकडा) दोनचा एक प्राणी येतो, किंवा एकचे दोन, अर्ध्याचे चार, पावचे आठ. साठ फुटांच्या आत, मांत्रिकाला दिसणाऱ्या मोकळ्या जागेत येतात. तोंडी हुकूम पाळतात आणि त्यासाठी मांत्रिकाची कृती खर्च होत नाही. हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, संपले की नाहीसे होतात. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मांत्रिकाची एकाग्रता, टिकलं तर तासभर राहतात. सगळ्यांचा मिळून इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा फासा, एकदाच टाकायचा.

"मोकळी जागा" या शब्दांवर बोट ठेवून कोणीतरी गेंडा हवेत उगवून शत्रूच्या डोक्यावर पाडायला बघेलच. मजकुरात जमिनीचा उल्लेख नाही हे खरं. माझ्या टेबलावर प्राणी त्याला उभं राहता येईल अशाच जागी येतो, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं.

निवडीवरून सर्वांत जास्त भांडणं होतात. नियमकर्त्यांचा अधिकृत खुलासा असा, की एक, दोन, चार की आठ हे खेळाडू ठरवतो आणि प्राणी कोणते ते डन्जन मास्टर. हे वाचून काही जणांना सूड घ्यायची सोय झाल्यासारखं वाटतं. "आठ मागितले ना? घे आठ बेडूक!" असं मीही एकदा केलंय. खारघरहून येणारी मुलगी होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. कोरड्या डोंगरकड्यावरच्या लढाईत मी तिला आठ मोठे बेडूक दिले. ती काही बोलली नाही, फक्त पेन्सिलने तो स्लॉट खोडला. पुढचे दोन महिने तिने तो मंत्र वापरला नाही. तिने मंत्र नियमाप्रमाणेच टाकला होता, शिक्षा करण्यासारखं काही झालंच नव्हतं. तुम्ही हे करू नका.

यादी करा

त्यानंतर मी यादीवर आले आणि तिथेच थांबले. प्रत्येक प्रदेशासाठी चार ओळी: एकटा कोण येईल, दोन कोण, चार कोण, आठ कोण. आमच्या सध्याच्या डावातलं जंगल मी येऊरच्या डोंगरावरून घेतलंय. तिथे आठ म्हटलं की पँथर, म्हणजे आपला बिबट्याच, किंवा रानडुक्कर. चार म्हटलं की वानर, दोन म्हटलं की वाघ, एक म्हटलं की मोठा अजगर. यादी खेळाडूच्या हातात द्या. त्याला आधीच माहीत असलं की ऐन वेळी पुस्तक चाळणं बंद होतं.

आता खरी अडचण: आठांची पाळी

इथे मी दोन वर्षं अडखळले, म्हणून सविस्तर सांगते.

मंत्र किती नुकसान करतो हे सगळे मोजतात. तो टेबलाचा किती वेळ खातो हे कोणी मोजत नाही. एका रविवारी तीन तासांच्या लढाईत नेरुळहून येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या, आमच्या पॅलाडिनच्या (तलवार घेऊन लढणारं पात्र), वाट्याला दोन पाळ्या आल्या. तो आपला वीस बाजूंचा फासा मुठीत घेऊन बसून होता. शेवटी हळूच म्हणाला, "ताई, मी निघू? नेरुळची गाडी चुकेल." पुढच्या रविवारी मी मोबाइलवर वेळ लावली. लांडग्यांची एक पाळी अकरा मिनिटांची निघाली. बाकी चौघांची मिळून नऊ.

अकरा मिनिटं जातात कुठे? लांडग्याला पॅक टॅक्टिक्स आहे, म्हणजे लक्ष्याच्या पाच फुटांत साथीदार असला की हल्ल्याला दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा. आठ लांडगे म्हणजे सोळा फासे. जेवढे लागले त्या प्रत्येकाचे नुकसानीचे दोन चार-बाजूंचे फासे. आणि प्रत्येक चाव्यामागे शत्रूने अकराचा स्ट्रेंग्थ सेव्ह करायचा, म्हणजे ताकदीचा फासा टाकून अकरा गाठायचे, नाहीतर आडवं पडायचं. शिवाय आठ सोंगट्या एकेक घर मोजत सरकवायच्या.

ताकदीचा हिशेबही करून बघा. लांडग्याच्या हल्ल्याला चारचा बोनस आहे, सरासरी नुकसान सात. आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) सोळाच्या शत्रूवर दोन फासे टाकून साधारण सत्तर टक्के चावे लागतात. आठ गुणिले सात गुणिले शून्य पूर्णांक सात, म्हणजे एका फेरीत एकोणचाळीसच्या आसपास. त्याच पातळीचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, आठ सहा-बाजूंच्या फाशांचा, सरासरी अठ्ठावीस. फायरबॉल अनेकांना भाजतो हे खरं, पण एकदाच. लांडगे दर फेरीला चावतात.

उपाय पुस्तकातच आहे आणि तो कोणी वाचत नाही. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये जमावाच्या हल्ल्यांचा तक्ता आहे. शत्रूच्या आर्मर क्लासमधून प्राण्याचा बोनस वजा करा. उत्तर एक ते पाच आलं तर प्रत्येकाचा हल्ला लागतो. सहा ते बारा आलं तर दोघांमागे एक, तेरा-चौदाला तिघांमागे एक, पंधरा-सोळाला चौघांमागे एक, सतरा-अठराला पाचांमागे एक, एकोणिसाला दहांमागे एक, विसाला विसांमागे एक. सोळातून चार गेले, बारा. म्हणजे आठ लांडग्यांचे चार चावे, प्रत्येकी सात, एकूण अठ्ठावीस. एकही फासा टाकावा लागला नाही.

आणि बघा, अठ्ठावीसच आले, फायरबॉलच्या सरासरीएवढे. हा तक्ता दोन फाशांचा फायदा धरत नाही. काही जण त्यासाठी वेगळी बेरीज-वजाबाकी सुचवतात. माझं ठाम मत, करू नका. तक्त्याने जे कमी होतं तेच मंत्राला जागेवर आणतं. फक्त खेळाडूला हे आधी सांगा, हिशेब कागदावर मांडून दाखवा. खारघरच्या त्याच मुलीला मी आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "चालेल ताई, पण मग लांडगे कोणावर सोडायचे ते मीच सांगणार." हक्काची गोष्ट आहे, ती तिलाच द्या.

आडवं पाडण्याचा सेव्ह एका लक्ष्यामागे फेरीला एकदाच घ्या. हा माझा घरचा नियम आहे, पुस्तकातला नाही.

हुकूम एका वाक्यात: "चौघे त्या धनुर्धाऱ्यावर, चौघे दारापाशी." वाक्य संपलं की सोंगट्या मी सरकवते. एकेका लांडग्याला वेगळा हुकूम नाही.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर कळत नाही. चौकटीच्या नकाशावर माणसाएवढ्या शत्रूभोवती आठच घरं असतात. आठ लांडगे घातले की शत्रू पुरता घेरला गेला, पण तलवारवाल्या साथीदाराला उभं राहायला जागा उरली नाही. आमचा पॅलाडिन कितीतरी फेऱ्या नुसता मागे उभा असायचा ते यामुळेच. एका शत्रूभोवती प्राण्यांची पाचच घरं, तीन घरं माणसांची. हा नियम लावला त्या दिवशी नेरुळचा मुलगा शेवटच्या फेरीपर्यंत थांबला आणि नंतरची गाडी पकडून गेला.

सोंगट्या म्हणजे कॅरमच्या काळ्या. पांढऱ्या मार्करने एक ते आठ आकडे घाला. मेला की उलटी करा.

शत्रूने काय करावं

लांडग्याचे हिट पॉइंट अकरा. शत्रूकडे फायरबॉल असेल तर त्याने टाकावा, त्यात काही अन्याय नाही. पण प्रत्येक शत्रूने पहिल्या फेरीपासून ड्रुइडवरच धावून जाणं मला मान्य नाही. शत्रू मांत्रिक असेल, किंवा त्याने मंत्र टाकताना पाहिलं असेल, तरच त्याला कॉन्सन्ट्रेशन मोडायचं सुचेल. झॉम्बीला नाही सुचत. घाव बसला की कॉन्सन्ट्रेशन टिकवायला ड्रुइडचा कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणाचा) सेव्ह दहाचा किंवा नुकसानीच्या निम्म्याचा, जे मोठं असेल ते.

लांडग्यांचे चावे जादूचे नसतात. साध्या शस्त्रांना न जुमानणारे शत्रू अधूनमधून आणा, सारखे नको.

बाकीचे मंत्र

ॲनिमेट ऑब्जेक्ट्समध्ये दहा छोट्या वस्तू उठवल्या तरी हाच तक्ता लावा.

कॉन्ज्युअर वुडलँड बीइंग्जमध्ये आठ पिक्सी, म्हणजे चिमुकल्या पऱ्या, येऊ शकतात, आणि प्रत्येक पिक्सीला दिवसातून एकदा पॉलिमॉर्फ, म्हणजे रूप पालटण्याचा मंत्र, टाकता येतो. म्हणजे चौथ्या पातळीच्या एका स्लॉटमध्ये अख्खी टोळी महावानर होऊन धावते. माझ्या यादीत पिक्सी नाहीत. आठांसाठी ब्लिंक डॉग, चारसाठी सॅटिर, दोनसाठी ड्रायड. इथे मी तडजोड करत नाही.

कॉन्ज्युअर एलेमेंटल, म्हणजे आग-पाण्यासारख्या तत्त्वाचा जीव बोलावणारा मंत्र, वेगळ्या जातीचा आहे. पूजेत आवाहन करतो तेव्हा विसर्जनही आपल्याच हातात असतं. इथे नसतं. पाचव्या पातळीचा स्लॉट, टाकायला एक मिनिट, आणि कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर आलेला जीव जात नाही. तो उलटतो, आणि बोलावल्यापासून तास भरेपर्यंत उलटलेलाच राहतो. या मंत्राला वेगळा लगाम नको, तो त्याच्या मजकुरातच आहे. नवख्या खेळाडूला मात्र हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच स्लॉट खोडू द्या.

याच्या जोडीला कोणी प्लेनर बाइंडिंग आणेल, बोलावलेल्या जीवाला बांधून दिवसभर राबवायला. त्याला हजार सोन्याच्या नाण्यांचं रत्न लागतं आणि टाकायला पूर्ण एक तास. तासभर चालणाऱ्या मंत्राला टाकताना स्वतःचं कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि एका माणसाला एका वेळी एकच धरता येतं. म्हणजे एकच मांत्रिक दोन्ही करायला गेला तर पहिल्या क्षणालाच एलेमेंटल मोकाट सुटतो. या वाक्यावर बहुतेक बेत तिथेच थांबतात.

नको असेल हे सगळं, तर

२०२० च्या पुरवणीत समन बीस्ट, समन फे असे मंत्र आले. एकच जीव येतो, स्लॉटच्या पातळीप्रमाणे वाढतो, मांत्रिकाच्या लगेच नंतर त्याची पाळी असते. नव्या टेबलासाठी हेच द्या. २०२४ च्या नियमांत तर कॉन्ज्युअर ॲनिमल्समधले आठ वेगळे लांडगे गेलेच. प्राण्यांचा एक छायाकळप मांत्रिकाबरोबर फिरतो आणि जवळच्या शत्रूला डेक्स्टेरिटी सेव्ह करावा लागतो. झटपट आहे, पण खेळाडूला आपल्या जनावरांना नावं देता येत नाहीत, म्हणून मी अजून जुन्यावरच आहे.

आणि डाव चालू असताना कोणी न सांगता नवा बोलावण्याचा मंत्र काढला तर वाद घालत बसू नका. त्या दिवसापुरता एकच मोठा प्राणी द्या, चॅलेंज रेटिंग दोनचा, त्या प्रदेशात शोभेल असा. मजकूर पुढच्या रविवारी अर्धा तास आधी बोलावून वाचा. चहा मी त्याच वेळी ठेवते.