लग्न न झालेल्या बापाने लेकरावरचा हक्क कसा मांडावा

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार लग्नाबाहेर जन्मलेल्या लेकराची नैसर्गिक पालक, म्हणजे कायद्याने मानलेली पालक, आधी आई, तिच्यानंतर बाप. म्हणून आईशी बोलणं तुटू देऊ नका.

पहिलं काम जन्मनोंदणी. घरी जन्म झाला असेल तर 21 दिवसांत ग्रामपंचायतीत कळवा. दवाखान्यात झाला असेल तर कागद तिथेच भरले जातात. दोघांनी सोबत जाऊन बापाचं नाव लावायला सांगा, सह्या करा. बहुतेकांचं इथेच अडतं, कारण एकट्या बापाच्या शब्दावर नाव लागत नाही.

आई भेटू देत नसेल तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करा, तोही लेकरू राहतं तिथल्या न्यायालयात. तुम्ही वाशीमचे आणि लेकरू यवतमाळला आजोळी, तर अर्ज यवतमाळला. न्यायालय लेकराचं हित पाहते, त्यामुळे पुरावा जपा: लसीकरण कार्ड, शाळेच्या पावत्या, बँकेतून पाठवलेले पैसे. सोयाबीन विकून आलेली रक्कम रोखीने दिली, तर ती सिद्ध करणं फार कठीण. आणि लेकराला परस्पर उचलून आणू नका. प्रकरण तिथेच बिघडतं.

ताबा मिळो न मिळो, पोटगीची जबाबदारी टळत नाही.

वकिलाची ऐपत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीसाठी तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा 15100 वर फोन करा.