शाळेचा शंभरावा दिवस साजरा करताना या चुका टाळा

शाळेचा शंभरावा दिवस साजरा करण्याची रीत मूळची अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांची. तिथे पहिल्या दिवसापासून रोज एक नळी डब्यात टाकतात, दहा झाल्या की गठ्ठा बांधतात आणि दहा गठ्ठे जमले की वर्गात सण होतो. आपल्याकडे या दिवसाला आणखी एक अर्थ आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी, म्हणजे शंभरावा दिवस हा बरोबर अर्ध्या वाटेवरचा टप्पा. पहिली-दुसरीच्या वर्गाला तो जरूर साजरा करावा. पण बऱ्याच ठिकाणी फलक रंगतो, मुकुट होतात, फोटो निघतात आणि मुलाच्या हाताला शंभर लागतच नाही. कारण बहुतेक वेळा एकच असते: मोजायचे काम मोठ्यांनी करून टाकलेले असते.

तारीख आधीच ठरवू नका

१५ जूनच्या सुमारास भरणाऱ्या आणि शनिवारी अर्धा दिवस चालणाऱ्या शाळेत शंभरावा दिवस साधारण दिवाळीच्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे येतो. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, म्हणून तो आणखी पुढे जातो. पाच दिवसांचा आठवडा असेल तर नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर उजाडतो. त्यात अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली की मोजणी तिथेच थांबते. जूनमध्येच कॅलेंडरवर गोल करून पालकांना तारीख कळवली, तर ती हमखास चुकते.

उपाय सोपा आहे. हजेरीपटावरचे कामाचे दिवस हाच आधार धरा. दर महिन्याच्या शेवटी डब्यातल्या काड्या (नळ्यांऐवजी आपण काड्या टाकू) आणि हजेरीपटाचा आकडा जुळवा. एक-दोनचा फरक निघाला तर मुलांसमोरच काडी काढा किंवा घाला आणि का ते सांगा. "परवा पावसामुळे शाळा बंद होती, तरी आपण काडी टाकली" हे पहिलीच्या मुलाला नीट कळते. पालकांना निरोप नव्वदाव्या दिवशी द्या. आणि शंभरावा दिवस सुट्टीनंतरचा पहिलाच दिवस येत असेल तर कार्यक्रम दोन-तीन दिवस पुढे न्या. त्या दिवशी निम्मी मुले गावाहून परतलेली नसतात. काडी मात्र त्याच दिवशी टाका.

जूनपासून काड्या टाकल्याच नसतील तरी बिघडले नाही. शंभरच्या दहा दिवस आधी सुरुवात करा. मुलांकडून नऊ गठ्ठे बांधून घ्या, "हे झालेले दिवस" म्हणून डब्यात ठेवा आणि शेवटच्या दहा काड्या रोज एक अशा टाका.

काड्या कसल्या?

परदेशी सूचनांमध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या आणि थर्मोकोलची सजावट असते. १ जुलै २०२२पासून देशभर प्लॅस्टिकच्या नळ्या आणि सजावटीचा थर्मोकोल या दोन्हींवर बंदी आहे. खराट्याच्या जाड काड्या १२ सेंटिमीटरच्या सारख्या लांबीत कापा आणि टोके कागदावर घासून बोथट करा. नाहीतर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या. काड्यापेटीतल्या काड्या गुल असताना कधीच वापरू नका. लांबी कमी-जास्त असेल तर मुले गठ्ठा मोजायच्या ऐवजी त्याची उंची बघतात, म्हणून सारखेपणा महत्त्वाचा.

रबरबँड १५-२० ठेवा. ११ पुरतील असे वाटते, पण जुनी रबरे गुंडाळतानाच तुटतात. सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला गठ्ठा बांधता येत नाही, काड्या हातातून सुटतात. जोडी करा: एकाने दोन्ही मुठींत धरायचे, दुसऱ्याने रबर चढवायचे.

डबे तीन हवेत: शतक, दशक, एकक. इथे एक चूक सहज होते. शिक्षक मुलांकडे तोंड करून स्वतःच्या डावीकडे शतकाचा डबा ठेवतात, मग मुलांना तो उजवीकडे दिसतो आणि आकडा उलटा वाचला जातो. डबे मांडून झाल्यावर एकदा मुलांच्या जागी बसून बघा.

शंभर वस्तूंचा संग्रह

"घरून शंभर वस्तू आणा" असा निरोप गेला की बहुतेक पिशव्या आई-बाबांनी रात्री मोजून भरलेल्या येतात. काही घरांतून दुकानातली महागडी मण्यांची पाकिटे येतात, काही घरांतून काहीच येत नाही. वर्गात सगळ्यांसमोर ती तुलना होते आणि ज्याने काही आणले नाही ते मूल दिवसभर गप्प बसते.

त्याऐवजी निरोप असा द्या: "एक मूठभर चिंचोके, बाटलीची झाकणे किंवा सागाच्या बिया आणा. मोजू नका, विकत आणू नका." मोजणी वर्गात होऊ द्या. ३० मुले असतील तर दहा-दहाचे तीन गट करा. प्रत्येकाने दहा वस्तू मोजायच्या, गटाच्या शंभर होतात. पट ३४ असेल तर उरलेल्या चौघांना तपासनीस करा. ते प्रत्येक दहाची ढिगली पुन्हा मोजतील. एखादे मूल गैरहजर राहिले की गट नव्वदावर अडतो, म्हणून तुमच्याजवळ ४० वस्तूंची जादा पिशवी असू द्या. पण ती लगेच काढू नका. "किती कमी पडले?" हा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

मोजणी हमखास चुकते, कारण मुले बोट फिरवत मोजतात आणि तीच वस्तू दोनदा मोजली जाते. फरशीवर खडूने दोन ओळी, पाच घरे असा रकाना काढा आणि एका घरात एकच वस्तू ठेवायला सांगा. रिकामे घर लांबूनही दिसते. अंड्यांचा ट्रे आयता मिळतो म्हणून वापरला जातो, पण त्यात ३० खळगे असतात. दहाचा गट त्यात दिसतच नाही.

बालवाडीत चिंचोके, मणी, वाटाणे असे बारीक काहीही नको. या वयाची मुले ते नाकात किंवा कानात घालतात, गिळतातही. तिथे मोठी झाकणे किंवा पाने घ्या. आणि शंभरपर्यंत मोजण्याचा आग्रह सोडून दहा वेळा दहा एवढेच करा.

एकोणतीसनंतर काय?

सगळ्यात जास्त मुले अडतात ती शंभरपर्यंत मोठ्याने म्हणताना. गाडी घसरते ती दशक बदलताना. "एकोणतीस"मध्ये तीस ऐकू येते पण आकड्यात दोन असतो, म्हणून मूल एकोणतीसनंतर थेट एकतीस म्हणते किंवा २९ ऐवजी ३९ लिहिते. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असे चालत एकोणनव्वदपर्यंत येते, आणि नव्व्याण्णवला नियमच मोडतो. शिवाय "त्रेपन्न"मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून ३५ लिहिले जाते. ही मुलाची बेफिकिरी नसते. आपल्या संख्यानामांची रचनाच तशी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत आली, ती याच अडचणीसाठी. त्यावर राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवून या दिवशी दोन्ही म्हणून घ्या. गठ्ठ्यावर हात ठेवून "पन्नास आणि तीन", मग "त्रेपन्न". शंभर मण्यांची गणितमाळ असेल तर दहाव्या, विसाव्या, तिसाव्या मण्यानंतर चिमटा लावा आणि चिमट्याच्या आधीच्या मण्याचे नाव विचारा. पाच मिनिटांत कोण कुठे अडते ते कळते.

सगळ्या वर्गाने एका सुरात १ ते १०० म्हटले की काहीच कळत नाही. चार मुले म्हणतात आणि बाकीची ओठ हलवतात. गोलात बसवा, एका मुलाने एकच संख्या म्हणायची, दशक आले की उभे राहून टाळी.

हालचाल, माळ आणि खाऊ

शंभर उड्या सलग मारायला लावू नका. तिसाव्या उडीला श्वास लागतो आणि मोजणी सुटते. दहा प्रकार घ्या, प्रत्येकी दहा: टाळ्या, उड्या, लंगडी, बैठका, जागच्या जागी धावणे असे. प्रत्येक प्रकार झाला की फळ्यावर दहाची एक रेघ.

माळेसाठी ८ मिलिमीटरचे मणी असतील तर शंभर मण्यांची लांबीच ८० सेंटिमीटर होते. दोरा १२० सेंटिमीटर घ्या. टोकाला फेविकॉल लावून आदल्या दिवशी वाळवा, म्हणजे सुई लागत नाही. पहिल्या मण्याला गाठ मारून दोरा वर्गात द्या. गाठ विसरली की साठाव्या मण्याला सगळे फरशीवर. दहा-दहाचे रंग बदला. गळ्यात घालू देऊ नका, अडकून ओढले जाते. दारावर तोरण म्हणून लावा.

खाऊत शंभर दाणे मोजायला लावले तर पंधरा मिनिटांत हात चिकट आणि खाऊ मळका होतो. शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत, घशात अडकतात. ज्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या घरी आधी विचारा. नेहमीचाच खाऊ नेहमीसारखा द्या.

फुगे टाळा. आवाजाला लहान मुले घाबरतात आणि फुटलेल्या रबराचे तुकडे तोंडात जातात.

आजी-आजोबांचे सोंग नको

शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याचा वेश करण्याची प्रथा काही शाळांत आहे. वाकलेली पाठ, काठी, केसांना पीठ. पीठ डोळ्यांत जाते हा लहान भाग. म्हातारपण हसण्याचा विषय होतो, ते जास्त खटकते. खऱ्या आजी-आजोबांना बोलवा. पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे) त्यांना अजून पाठ असेल तर मुले तोंड उघडे ठेवून ऐकतात. रुपयाची गोष्टही निघू द्या: सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७पासून शंभर नव्या पैशांचा झाला.

हजेरीचे बक्षीस या दिवशी देऊ नका

शंभर दिवस शाळेचे आहेत, प्रत्येक मुलाचे नाहीत. बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे साधारण याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गाव सोडतात. त्या मुलाला "शंभर टक्के हजेरी"चा बिल्ला कधीच मिळणार नाही. वर्गातले कोणी निघणार आहे असे कळले तर त्या आठवड्याचा गठ्ठा त्याच्या हातून बांधून घ्या आणि त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावा. शंभराव्या दिवशी दहा गठ्ठे एकत्र बांधताना ते नाव वाचा.

एका दिवसात तीनच उपक्रम घ्या. त्यात काड्यांचा मोठा गठ्ठा बांधणे शेवटी ठेवा आणि त्याला पूर्ण तासिका द्या.

एकशे एकावा दिवस

खरी अडचण दुसऱ्या दिवशी दिसते. एकशे एक लिहायला सांगितले की अर्धा वर्ग १००१ लिहितो: आधी शंभर, मग एक. तीन डब्यांकडे परत या. शतकात एक मोठा गठ्ठा, दशकाचा डबा रिकामा, एककात एक काडी. प्रत्येक डब्याखाली एकच अंकाचे कार्ड ठेवायला सांगा. रिकाम्या डब्याखाली काय ठेवायचे हे मुलांनाच विचारा. तरीही गोंधळ राहिला तर १०० लिहिलेल्या लांब कार्डाच्या शेवटच्या शून्यावर १चे छोटे कार्ड ठेवून दाखवा. मग दहा दिवस, एकशे दहापर्यंत, रोज काडी टाकल्यावर हेच करा. दशकाच्या डब्यात पुन्हा पहिला गठ्ठा येतो त्या दिवशी कार्ड कोणते बदलायचे हे बहुतेक मुले न विचारता सांगतात.